पाणी तर सगळ्यांचंच असतं ना?

माझ्या वर्गात सेरेब्रल पाल्सी असलेला एक मुलगा आहे. त्याचे अब्बा त्याला रोज कडेवर घेऊन येतात. डॉक्टरांनी पाण्यातले व्यायाम सुचवले, म्हणून ते त्याला पोहण्याच्या तलावावर घेऊन गेले. "असल्या मुलांची जबाबदारी आम्ही घेत नाही," असं सांगून त्यांना परत पाठवलं गेलं. दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, "मॅडम, पानी तो सबका होता है ना?" या प्रश्नामुळे मी जलोपचाराचा इतिहास वाचायला घेतला.

इस्लामी इतिहासातल्या दवाखान्यांचा विषय निघाला की आपण तुर्कस्तानातल्या एदिर्नेचं नाव अभिमानानं घेतो. सुलतान बायझीद दुसरा याच्या काळात १४८८ साली तिथं दारुश्शिफा उभी राहिली. मनोरुग्णांना तिथं संगीत ऐकवलं जाई, हौजातल्या पाण्याचा आवाजही उपचाराचाच भाग मानला जाई. सतराव्या शतकातला प्रवासी एव्लिया चेलेबी याने या दवाखान्याचं वर्णन लिहून ठेवलं आहे. पण तिथं रुग्ण पाण्याच्या काठावर बसे. अपंग मुलाला पाण्यात उतरवून स्वतःचा तोल सांभाळायला शिकवण्याची एक पद्धत फार पुढे, लंडनमध्ये घडली.

लंडनच्या साउथगेट भागात हॅलिविक नावाची अपंग मुलींची शाळा होती. १९४९ साली जेम्स मॅकमिलन तिथल्या मुलींना पोहायला शिकवू लागले. ते डॉक्टर नव्हते, पाण्याचं यंत्रशास्त्र जाणणारे इंजिनिअर होते. शरीराचं वजन खाली ओढतं, पाणी वर ढकलतं. ही दोन बळं एका रेषेत नसली की शरीर कलंडतं. ज्याची एक बाजू कमजोर किंवा आखडलेली आहे, ते मूल तर हमखास कलंडतं. मॅकमिलननी हवेच्या ट्यूबा वापरल्या नाहीत. ट्यूब मुलाला तरंगत ठेवते, पण कलंडल्यावर सावरायचं कसं हे शिकवत नाही.

त्यांच्या पद्धतीचे पुढे दहा टप्पे ठरले. पहिला टप्पा मनाचा: भीती घालवणं, तोंडाशी पाणी आलं की फुंकर मारणं. मग डोकं वळवून, हात पसरून तोल सावरणं. प्रत्येक मुलासोबत एक शिक्षक, आणि सगळे मिळून गाणी नि खेळ. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांनाही तेच गाणं, तोच क्रम पुन्हा पुन्हा मिळाला की पुढे काय येणार ते कळतं आणि भरोसा बसतो. शिक्षकाचा आधार हळूहळू कमी होत जातो.

यानं सेरेब्रल पाल्सी बरी होत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. पण कोमट पाण्यात आखडलेले स्नायू सैल पडतात. मानेपर्यंतच्या पाण्यात पायांवर वजनाचा साधारण दहावा हिस्साच उरतो. जमिनीवर उभं न राहणारं मूल तिथं उभं राहू शकतं. हॅलिविक पद्धतीत त्याला रुग्ण म्हणत नाहीत, 'पोहणारा' म्हणतात.

आम्ही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचा हवाला देऊन तलावासाठी अर्ज केला आहे. उत्तर अजून आलेलं नाही. मी मात्र एक बदल केला. लिहिताना त्याचा हात धरणं हळूहळू सोडलं. परवा त्यानं एकट्यानं 'अलिफ' काढला. वाकडा होता, पण त्याचा स्वतःचा होता.