मोहफुलं: चंद्रपूर-गडचिरोलीच्या उन्हाळ्यातला रानमेवा

चंद्रपूरचा उन्हाळा म्हटलं की ४५ अंशांपुढचा पारा आठवतो. पण चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलालगतच्या गावांत याच दिवसांत एक गोड हंगामही येतो. तो म्हणजे मोहाचा.

मोह कधी फुलतो?
मार्च-एप्रिलमध्ये. रसाळ, फिकट पिवळी फुलं पहाटे टपटप गळतात. सकाळीच टोपल्या घेऊन अख्खं घर वेचायला निघतं. शाळेला सुट्टी असली की पोरंही सोबत. अंगणात वाळवल्यावर ही फुलं मनुक्यांसारखी तपकिरी दिसतात.

खातात कशी?
ताजी तशीच, वाळलेली भाजून किंवा लाडू करून. मोहाची दारू सगळ्यांना माहीत असते, पण मोह आधी खाऊ आहे. नंतर येणाऱ्या फळांच्या बियांपासून तेलही निघतं.

मग धोका कसला?
फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा काही जण जाळतात. त्यातून वणवा पेटू शकतो. दुसरा धोका वाघाचा. अंधारात एकट्याने, खाली वाकून फुलं वेचताना तो जास्त असतो. म्हणून उजाडल्यावर, चार जणांनी मिळून जावं. पाला जाळण्याऐवजी झाडून घ्यावा किंवा झाडाखाली जाळी बांधावी.

ही फुलं कुणाची?
२००६ च्या वनहक्क कायद्याने पात्र वनवासींना गौण वनोपजावर मालकी हक्क दिला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. वाळलेली फुलं विकून घरात चार पैसे येतात. त्यामुळे मोहाचं झाड जपणं म्हणजे पुढच्या उन्हाळ्याची सोय करणं.