जहाँगिरी अत्तर कोणाचे?

वर्धा जिल्ह्यातील आष्टी या गावी मोगल धाटणीचे दोन मकबरे आहेत. एक नवाब मुहम्मदखान नियाझीचा आणि दुसरा, त्याहून लहान, त्याचा मुलगा अहमदखान याचा. मुहम्मदखान अकबराच्या काळापासून मोगलांच्या चाकरीत होता, खानखानान अब्दुर्रहीमबरोबर दख्खनच्या मोहिमांत लढला होता. जहाँगीर बादशहाने त्याला आष्टीची जहागीर दिली. हिजरी 1037 मध्ये (इ.स. 1627-28) तो वारला आणि त्याच हिजरी वर्षी जहाँगीरही गेला. सरदाराचे नाव मकबऱ्याबरोबर टिकले. पण त्याच बादशहाच्या कुटुंबात एका स्त्रीने एक शोध लावला, त्याला मात्र तिचे नाव मिळाले नाही. तो शोध म्हणजे गुलाबाचे अत्तर.

अत्तराची लोकप्रिय कहाणी आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. नूरजहाँने स्नानासाठी हौद गुलाबपाण्याने भरवला, पाण्यावर तेलाचा तवंग दिसला आणि अत्तर जन्मले. या कहाणीत रूपवती आहे, हौद आहे, बादशहा आहे. काम करणारे मात्र कोणी नाही. सुगंधाच्या बाजाराला अशाच कहाण्या लागतात. गेर्लां या फ्रेंच कंपनीने 1925 मध्ये जगभर पोहोचवलेल्या ‘शालिमार’ या सुगंधामागेही मुमताजमहलच्या प्रेमाची कथा लावली गेली. मोगल स्त्री म्हटले की जनाना, शृंगार आणि मादक गंध, एवढेच चित्र बाहेरच्यांनी रंगवले. दुःखाची गोष्ट ही की आपणही तेच मान्य केले.

प्रत्यक्ष नोंद वेगळी आहे, आणि ती खुद्द जहाँगीरच्या ‘तुझुक’मध्ये आहे. हा शोध नूरजहाँच्या आईचा, असे तो स्पष्ट लिहितो. तिचे नाव अस्मत बेगम. ती गुलाबपाणी काढत असे. गरम गुलाबपाणी भांड्यांत ओतले की वर पातळ साय धरायची. ती साय तिने थोडी थोडी करून जमवली. तिचा एक थेंब तळहातावर चोळला तरी सारी मजलीस दरवळते, असे बादशहा कौतुकाने सांगतो. आपल्या वडिलांना हा सुगंध अनुभवता आला नाही, याची खंतही तो व्यक्त करतो. त्याने अस्मत बेगमेला मोत्यांची माळ इनाम दिली. अकबराची बेगम सलीमा सुलतान तेथे हजर होती. तिने या तेलाला ‘इत्रे जहाँगिरी’ असे नाव दिले. शोध सासूचा आणि नाव जावयाचे!

या शोधाचे मोल समजण्यासाठी त्यामागची मेहनत पाहिली पाहिजे. एक किलो गुलाबतेलाला साधारण साडेतीन ते चार हजार किलो पाकळ्या लागतात. पाकळ्या पहाटे, ऊन चढण्याआधी खुडाव्या लागतात. कनौजचे कारागीर आजही तांब्याच्या डेगेत पाकळ्या आणि पाणी उकळतात, वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरवतात आणि भपका पाण्यात ठेवून गार करतात. सुगंधाचा काही भाग पाण्यात विरघळतो, ते गुलाबपाणी. तेल पाण्याहून हलके, म्हणून वर तरंगते आणि गारव्यात गोठू लागते. गुलाबपाणी शेकडो वर्षे काढले जात होते. ‘आईने अकबरी’तही सुगंधांवर स्वतंत्र प्रकरण आहे. ती साय किती जणांनी पाहिली असेल! अस्मत बेगमेने ती जपून बाजूला काढली. हे स्वयंपाकघरातल्या सायीइतके साधे वाटते. पण लक्ष, चिकाटी आणि निष्कर्ष यालाच आपण शास्त्र म्हणतो ना?

नूरजहाँला या कहाणीची गरजही नव्हती. 1611 मध्ये जहाँगीरशी विवाह झालेल्या या बाईच्या नावाने नाणी पडली, तिच्या नावाने फर्माने निघाली, बंदुकीने तिने वाघ टिपले. अस्मत बेगम 1621 मध्ये वारली, पाठोपाठ पती इतिमादुद्दौला गेले. नूरजहाँने आग्ऱ्याला दोघांसाठी संगमरवरी मकबरा बांधला. त्याच्या भिंतींवर फुलदाण्या, सुरया आणि फुले आहेत. पण लोक त्याला ‘इतिमादुद्दौलाचा मकबरा’ म्हणूनच ओळखतात. तेथेही आईचे नाव मागेच राहिले.

मराठीने मात्र हा सुगंध मनापासून स्वीकारला. फारसीत गुल म्हणजे फूल, आब म्हणजे पाणी. आपण ‘गुलाब’ हे नाव फुलालाच दिले आणि वर ‘गुलाबपाणी’ म्हणून पाणी दोनदा ओतले. अरबी ‘इत्र’चे अत्तर झाले, विकणारा अत्तार झाला. हिंदू लग्नघरात अत्तरदाणी-गुलाबदाणी फिरते, तर जुम्याला आणि ईदला आपल्या घरात अत्तराचा फाया कानात जातो. वर्धा जिल्ह्यातच गिरडच्या टेकडीवर ख्वाजा शेख फरीद यांच्या दर्ग्यावर सर्व धर्मांचे लोक माथा टेकतात.

अत्तर लावणे ही आपल्याकडे सुन्नत मानली जाते. आपल्या मुलींना आपण नूरजहाँच्या हौदाची गोष्ट सांगत आलो. यापुढे बोटाने साय गोळा करणाऱ्या अस्मत बेगमेची सांगू या.