मातीत न उरणारे धन : डॉ. प्रभा अत्रे यांची रचना आणि विद्यादान

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी आपले इनामगाव वसले आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील पुरातत्त्वज्ञांनी १९६८ पासून पुढे अनेक वर्षे येथील पांढरीचे उत्खनन केले आणि सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकरी वस्तीतील शंभराहून अधिक घरांचे अवशेष उजेडात आणले. रांजण, मणी, जळके धान्य, कुंभाराची भट्टी, घराच्या भुईखाली कुंभात निजविलेली बालके. एवढ्या साधनांवरून त्या लोकांचा संसार विद्वानांनी पुन्हा उभा केला. परंतु त्या बालकांच्या माता त्यांस निजविताना जे गात असतील, त्याचा कणही मातीत सापडणे शक्य नव्हते. माती खापर सांभाळते, स्वर सांभाळीत नाही. स्वर टिकावयाचा तर तो एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात उतरावा लागतो, आणि ते काम ज्याच्याकडून होते त्यास आपण गुरू म्हणतो.

म्हणूनच यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही आपल्याच जिल्ह्यात जन्मलेल्या एका गायिकेचे, रचनाकर्तीचे आणि शिक्षिकेचे चरित्र निवडले आहे. त्या कोणत्या ज्ञातीच्या, हा प्रश्न आम्ही विचारलेला नाही. विद्येच्या दारात तो विचारू नये, असे आमचे नम्र मत आहे.

डॉ. प्रभा अत्रे यांचा जन्म १३ सप्टेंबर १९३२ रोजी पुण्यात झाला. वडील आबासाहेब व आई इंदिराबाई ही दोघेही शिक्षणक्षेत्रातील. घरात गाण्याची परंपरा नव्हती. प्रभाताई आठ वर्षांच्या असताना आईची प्रकृती बरी नसे. गाणे शिकल्याने मनास विरंगुळा मिळेल, असे कोणा स्नेह्याने सुचविले आणि घरी शिकवणी सुरू झाली. आईचे शिकणे थोडक्यात आटोपले. शेजारी बसून ऐकणाऱ्या मुलीचे मात्र जन्मभर चालले. थोर विद्येचा आरंभ कित्येकदा असा आडवाटेने होतो.

विजय करंदीकर यांच्याकडे आरंभीचे धडे घेतल्यावर प्रभाताई सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर या भावंडांकडे शिकू लागल्या. ही दोघे किराणा घराण्याचे महान गायक अब्दुल करीम खाँ यांची अपत्ये. स्त्रीने तिकीट लावून जाहीर मैफल करावी, ही कल्पनाही समाजास रुचत नव्हती, त्या काळी हिराबाईंनी रंगमंचावर स्वच्छ, शालीन बैठक मांडली आणि घरंदाज मुलींसाठी गाण्याची वाट मोकळी केली. १९५३ साली सुरेशबाबू निवर्तले. त्यापुढे हिराबाईंच्या मागे तंबोऱ्यावर बसून, त्यांच्यासवे प्रवास करून प्रभाताईंनी मैफलीची विद्या मिळविली. इकडे फर्ग्युसन महाविद्यालयातून विज्ञानाची आणि पुण्याच्याच विधि महाविद्यालयातून कायद्याची पदवीही त्यांनी घेतली. प्रयोगशाळेत आणि कायद्याच्या वर्गात 'असे का?' हा प्रश्न विचारण्याची सवय लागते. ती सवय त्यांनी गाण्यातही सोडली नाही, हेच आमच्या मते त्यांच्या चरित्राचे मर्म होय.

प्रथम त्यांच्या रचनाकार्याकडे पाहू. ख्यालाची बंदिश म्हणजे चार-सहा ओळींची चीज. परंतु स्थायी-अंतऱ्याच्या त्या लहानशा चौकटीत रागाचे चलन, तालाचे वजन आणि समेची जागा ही सर्व बांधलेली असतात. गायक पुढे जो विस्तार करतो, त्याचे बीज तेथेच असते. अशा चिजा बांधणारे वाग्गेयकार म्हणून आपल्या परंपरेत जी नावे घेतली जातात ती बहुतेक पुरुषांची. स्त्रियांनी त्या चिजा गाइल्या, जतन केल्या, शिकविल्या. परंतु रचनेवर त्यांची मुद्रा क्वचितच उमटली. प्रभाताईंनी शेकडो बंदिशी रचल्या आणि त्या स्वरलिपीसह ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. मारुबिहाग आणि कलावती या रागांतील त्यांच्या स्वतःच्या चिजा रसिकांच्या घरोघरी पोहोचल्या. अपूर्व कल्याण, मधुरकंस, तिलंग-भैरव, भीमवंती असे नवे रागही त्यांनी बांधले. वारसा मिळाला म्हणजे तो नुसता राखावयाचा नसून त्यात आपलीही भर घालावयाची असते, हे त्यांनी कृतीने दाखविले.

ख्यालात सरगम गाण्यास कित्येक जाणते नाके मुरडीत. ती तालमीच्या खोलीतली गोष्ट, मैफलीतली नव्हे, असे त्यांचे म्हणणे असे. प्रभाताईंनी वाद न घालता सरगमावरच प्रबंध लिहून संगीतातील डॉक्टरेट मिळविली, आणि सा-रे-ग-म ही अक्षरेही भाव व्यक्त करण्याचे साधन होऊ शकतात, हे शास्त्राने व गळ्याने सिद्ध केले.

आता अध्यापन. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले, भास्करबुवा बखले यांनी १९११ साली पुण्यात भारत गायन समाज उभारला, आणि उस्तादांच्या घरात कोंडलेली विद्या सर्वांस खुली झाली. लाभ मोठा झाला. परंतु घड्याळाच्या तासावर गळा घडत नाही, ही अडचणही त्याच दिवसापासून सुरू झाली. आकाशवाणीवर काम केल्यानंतर प्रभाताई १९७९ ते १९९२ या काळात मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात संगीत विभागाच्या प्रमुख होत्या. वर्गाची ही मर्यादा त्यांनी तेथे जवळून पाहिली. पुढे पुण्यात त्यांनी स्वरमयी गुरुकुल उभारले. गुरूसमोर बसून घेतलेली तालीम आणि तिला कारणमीमांसेची जोड, असा हा मेळ होता. 'स्वरमयी', 'सुस्वराली' इत्यादी ग्रंथांतून त्यांनी हेच विवेचन सामान्य श्रोत्यांपर्यंत नेले.

मान यथाकाल आले : १९९० मध्ये पद्मश्री, १९९१ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, २००२ मध्ये पद्मभूषण, २०२२ मध्ये पद्मविभूषण. १३ जानेवारी २०२४ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी, पुण्यातच त्यांनी देह ठेवला. उतारवयातही त्यांचे गाणे आणि शिकविणे थांबले नव्हते.

आता थोडे आपल्या घराकडे पाहू. आपल्यातील कितीतरी मुली गाण्याच्या एक-दोन परीक्षा देतात, ज्ञातीच्या मेळाव्यात स्वागतगीत म्हणतात, आणि लग्न ठरले की पेटी माळ्यावर जाते. सासरी ती उतरवून घेण्याचे धैर्य मुलीस होत नाही आणि विचारण्याचे भान आपणांस राहत नाही. मुलाच्या अभियांत्रिकीसाठी आपण कर्जही काढतो. मुलीच्या तालमीचा खर्च मात्र आपणांस चैन वाटतो. हा दोष आम्ही दुसऱ्या कोणास देत नाही. आमच्या स्वतःच्या घरांतही असेच घडले आहे. आईच्या आजारपणात सुरू झालेली शिकवणी आबासाहेबांनी आईबरोबरच बंद केली असती, तर आज आपण कोणाचे चरित्र लिहिले असते?

इनामगावच्या पांढरीत तीन हजार वर्षांनंतरही रांजण सापडले, कारण भाजलेल्या मातीस कोणाच्या आस्थेची गरज नसते. गाण्यास ती असते. ज्या घरात माळ्यावर पेटी आहे, त्या घरातील वडीलधाऱ्यांनी हे पान वाचून झाल्यावर ती खाली उतरवावी आणि सुनेस किंवा लेकीस तिच्यासमोर बसवावे, एवढीच आमची विनंती.