खणलेल्या जमिनीचे देणे

२६ ऑगस्ट २०२२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घूस येथे, अमराई वॉर्डात, एक राहते घर साठ-सत्तर फूट जमिनीत गेले. घरातील माणसे वेळीच बाहेर धावली म्हणून वाचली. आजूबाजूच्या कुटुंबांना घरे सोडून दुसरीकडे जावे लागले. त्या दिवशी तेथे कोणी खड्डा खणत नव्हते. खणण्याचे काम फार पूर्वीच होऊन गेले होते. वस्तीखाली एका जुन्या, बंद भूमिगत कोळसा खाणीची पोकळी होती.

शेजारी इमारत असताना जमीन कशी खणावी, हा प्रश्न आपण सहसा शहरातील बांधकामांशी जोडतो. चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यात तोच प्रश्न दीडशे वर्षांपासून जमिनीखाली विचारला जात आहे.

आधी साधा उघडा खड्डा पाहू. त्याची भिंत उभी का राहते? या प्रश्नाचे पहिले नीट गणित शार्ल कुलोम या फ्रेंच लष्करी अभियंत्याने मांडले. विद्युतप्रभारांच्या नियमामुळे आपण त्याला ओळखतो. पण त्याआधी त्याने मार्टिनिक बेटावर किल्ल्याच्या बांधकामावर अनेक वर्षे काढली होती. १७७३ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे त्याने आपला निबंध वाचला. खड्ड्याच्या कडेची माती एका तिरप्या पृष्ठावरून पाचरीसारखी घसरू पाहते. कणांमधील घर्षण आणि मातीचा चिकटपणा तिला अडवतात. हे दोन्ही पुरे पडले नाहीत, तर उरलेला भार भिंतीने किंवा टेकूने पेलला पाहिजे.

हे वर्गात सहज दाखवता येते. काचेच्या पेटीत मधोमध जाड पुठ्ठा उभा धरून एका बाजूला वाळू भरा. वाळूवर विटेचा तुकडा ‘घर’ म्हणून ठेवा आणि पुठ्ठा हळूच काढा. तुकडा कडेजवळ असेल तर वाळूबरोबर खाली येतो, पुरेसा लांब असेल तर जागेवर राहतो. म्हणूनच, खड्डा जितका खोल तितक्या अंतराच्या आत शेजारचे घर असेल तर सावध व्हावे, असा ठोकताळा बांधकामात वापरतात.

आपल्याकडची काळी माती याबाबतीत विशेष फसवी. तिच्यातील माँटमोरिलोनाइट हे खनिज पाणी शोषून फुगते व वाळले की आकसते. उन्हाळ्यात या मातीत खणलेला चर सरळ कड्यासारखा उभा राहतो आणि ‘टेकूची गरज काय?’ असे वाटू लागते. पण भेगांतून पहिल्या पावसाचे पाणी शिरले की चिकटपणा ओसरतो, मातीचे वजन वाढते आणि भिंत एकदम ढासळते. दीड मीटरहून खोल चराला फळ्या व टेकूंचा आधार द्यावा, असे भारतीय मानक सांगते ते याचसाठी.

आता खड्ड्यातून खाणीत जाऊ. चंद्रपूरचा कोळसा पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत आहे. या खडकांना ‘गोंडवन’ हे नाव गोंडांच्या प्रदेशावरून मिळाले, आणि चांदा म्हणजे आजचे चंद्रपूर ही तर गोंड राजांची राजधानी. १८७० च्या दशकात वरोऱ्याला कोळशाची सरकारी खाण चालू झाली. तिच्यासाठी वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत रेल्वे आली. १९०६ साली ती खाण बंद झाली. पुढे बल्लारपूर, घुग्घूस आणि खुद्द चंद्रपूर शहराच्या कडेला महाकाली, लालपेठ अशा खाणी झाल्या.

या खाणींत टेकू होता तो मुख्यतः कोळशाचाच. आडवे-उभे बोगदे खणायचे आणि मध्ये कोळशाचे चौकोनी खांब सोडायचे, अशी ही पद्धत. बोगद्याच्या छताला लाकडी टेकू देत. लाकूड मोडण्याआधी करकरते. तो आवाज खाणकामगारांना पळण्याची सूचना देई.

खांबांचे गणित मुलांनाही करता येईल. खाण ५० मीटर खोल आहे आणि वरच्या खडकाचे वजन दर घनमीटरला अडीच टन आहे असे धरू. म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर १२५ टन भार झाला. खांबांच्या मध्यांतील अंतर २० मीटर व बोगद्याची रुंदी ४ मीटर असेल, तर ४०० चौरस मीटरचा भार १६ × १६ म्हणजे २५६ चौरस मीटरच्या खांबावर येतो. दर चौरस मीटरला सुमारे १९५ टन. आता कोणी खांब तासून १२ मीटरचे केले, तर हाच भार ३४७ टनांवर जातो. थोड्या जादा कोळशाचा मोह किती महाग पडतो, ते यावरून दिसते.

छत कोसळले की पोकळी वर सरकू लागते. पण फुटलेला खडक अखंड खडकापेक्षा जास्त जागा व्यापतो. (एक वीट फोडून तिचे तुकडे तिच्याच मापाच्या खोक्यात भरून पाहा.) ही वाढ तीस टक्के धरली, तर तीन मीटर उंचीची पोकळी साधारण दहा मीटर वर जाईपर्यंत स्वतःच बुजते. खाण खोल असेल तर जमिनीवर पत्ताही लागत नाही. खाण उथळ असेल, किंवा पाणी पडझडीचा चुरा बोगद्यांतून वाहून नेत असेल, तर मात्र पोकळी जमिनीपर्यंत पोहोचते. तेव्हा अंगणात अचानक विहिरीएवढा खड्डा पडतो.

यावर उपाय ठाऊक नव्हता असे नाही. काढलेल्या कोळशाच्या जागी नदीची वाळू पाण्याबरोबर सोडून पोकळी भरता येते. झरिया-राणीगंज भागातील पडझड आणि आगी यांच्या अनुभवावरून १९३९ साली यासाठी कायदा झाला, आणि कोळशावर कर बसवून वाळू भरण्यासाठी निधी उभारण्यात आला. १९५७ च्या खाण विनियमांनी घरे, रस्ते व रेल्वे यांच्यापासून ४५ मीटरच्या आत परवानगीवाचून खणण्यास मनाई केली. बंद होणाऱ्या खाणीचा नकाशा सरकारकडे जमा करणेही बंधनकारक होते.

हा शेवटचा नियम दिसायला कारकुनी, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. बांधकामाचा खड्डा काही महिन्यांत भरला जातो, म्हणून त्याचे टेकू काढता येतात. खाणीत सोडलेल्या खांबांना मात्र कोळसा संपल्यावर, कामगार गेल्यावर, मालक बदलल्यावरही भार पेलत राहावे लागते. त्यांच्यावरच्या मोकळ्या जमिनीवर पुढे वस्ती होते. तेथे घर बांधणाऱ्याला पायाखाली काय आहे हे नकाशावाचून कळणार कसे? नकाशा हाती असेल तर भोके पाडून पोकळी तपासता येते, वाळू-सिमेंटचे पातळ मिश्रण दाबाने भरता येते, निदान तेथे वस्ती होऊ न देणे तरी शक्य होते.

खाणपट्ट्यातील शाळांनी भूगोलाच्या तासाला गावाचा नकाशा काढताना जुन्या खाणींची तोंडे, खचलेल्या जागा, पडीक विहिरी यांची नोंद करावी. गावातील निवृत्त खाणकामगार त्यासाठी मोठ्या आनंदाने माहिती देतील. बोगदे कोठून कोठे गेले होते, हे त्यांनी आपल्या पायांनी मोजलेले आहे.