निळा पोशाख आणि दोन सायकली : पॅरिसमधील एका आगळ्या लग्नाची गोष्ट

#थ्रेड #इतिहास

१/
२६ जुलै १८९५. पॅरिसच्या साँ-मिशेल मार्गावरून घोड्यांची ऑम्निबस धावत होती. तिच्या वरच्या उघड्या मजल्यावर एक जोडपे बसले होते. तरुणीच्या अंगावर गडद निळा लोकरी पोशाख होता. हे दोघे निघाले होते स्वतःच्याच लग्नाला! सोबत ना वरात, ना बग्गी, ना फुलांनी सजवलेले वाहन. आजच्या थ्रेडमध्ये या लग्नाची आखणी कशी झाली ते पाहू.

२/
वधू मारी स्क्लोदोव्हस्का, वय २७. वर पिएर क्युरी, वय ३६. रेडियमचा शोध अजून तीन वर्षांहून अधिक दूर होता, त्यामुळे रस्त्यावरच्या कोणीही त्यांच्याकडे वळून पाहिले नसेल. परंतु या लग्नातील पोशाख, पाहुणे, आहेर आणि मधुचंद्र यांपैकी एकही गोष्ट रिवाज म्हणून आलेली नव्हती. हे वेगळेपण समजण्यासाठी आधी त्या काळी फ्रान्समध्ये लग्न कसे होई ते पाहावे लागेल.

३/
फ्रान्समध्ये १७९२ पासून कायद्याच्या दृष्टीने लग्न होई ते नगरभवनात. त्याखेरीज बहुतेक कुटुंबे चर्चमध्येही विधी करीत. इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाने १८४० मध्ये आणि फ्रान्सच्या सम्राज्ञी युजेनीने १८५३ मध्ये पांढऱ्या पोशाखात लग्न केले. तेव्हापासून तो रंग प्रतिष्ठेचा ठरत गेला. शतकाच्या अखेरीस शहरी मध्यमवर्गीय वधूला पांढरा रेशमी पोशाख हवाच असे, आणि तो पुन्हा क्वचितच उपयोगी पडे.

४/
याहून महत्त्वाचा असे तो नोटरीपुढचा करार. वधूचा हुंडा किती, मालमत्ता कोणाच्या ताब्यात, हे सारे त्यात लिहिले जाई. १८०४ च्या नेपोलियनच्या संहितेतील २१३ वे कलम तर स्पष्टच होते : पतीने पत्नीचे रक्षण करावे आणि पत्नीने पतीची आज्ञा पाळावी. विवाहित स्त्रीला स्वतःच्या कमाईवर हक्क मिळायला तेथे १९०७ साल उजाडले. थोडक्यात, लग्न हा दोन घराण्यांमधील व्यवहार होता.

५/
या व्यवहाराची झळ मारीने सोसलेली होती. तिचा जन्म वॉर्सातला. पोलंडचा तो भाग रशियन झारच्या अमलाखाली होता आणि तेथील विद्यापीठाची दारे मुलींना बंद होती. थोरली बहीण ब्रोन्या आणि ती यांनी आपसांत एक करार केला. ब्रोन्याने पॅरिसला जाऊन वैद्यकशास्त्र शिकावे, मारीने नोकरी करून तिला पैसे पाठवावेत. नंतर ब्रोन्याने मारीला आधार द्यावा.

६/
त्यानुसार १८८६ च्या आरंभी मारी श्चुकी या गावी झोरावस्की कुटुंबात मुलांची शिक्षिका म्हणून राहिली. त्या घरचा थोरला मुलगा काझिमिएश आणि ती परस्परांच्या प्रेमात पडली. मुलाच्या आईवडिलांनी लग्नाला साफ नकार दिला. पगारी शिक्षिका, तीही पैसा नसलेली, त्यांना सून म्हणून चालणार नव्हती. हाच काझिमिएश पुढे नामवंत गणितज्ञ झाला.

७/
नकारानंतरही मारीला ते घर लगेच सोडता आले नाही, कारण तिच्या पगारावर बहिणीचे शिक्षण चालले होते. अपमान गिळून ती तेथेच राहिली आणि फावल्या वेळी एकटीच भौतिकशास्त्र व गणित शिकत राहिली. अखेर १८९१ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, ती पॅरिसला पोहोचली. १८९३ मध्ये भौतिकशास्त्राच्या पदवी परीक्षेत ती पहिली आली आणि १८९४ मध्ये गणिताच्या परीक्षेत दुसरी.

८/
पुढचा बेत पक्का होता : पोलंडला परतायचे, वडिलांजवळ राहायचे आणि आपल्या लोकांना शिकवायचे. लग्नाचा विचारही मनात नव्हता. याच सुमारास तिच्याकडे पोलादाच्या चुंबकीय गुणधर्मांच्या अभ्यासाचे काम आले, पण उपकरणे मांडायला जागा मिळेना. १८९४ मध्ये कोवाल्स्की नावाच्या ओळखीच्या पोलिश भौतिकशास्त्रज्ञाने तिची गाठ एका फ्रेंच संशोधकाशी घालून दिली. तोच पिएर क्युरी.

९/
पिएरचे नाव शास्त्रज्ञांत आदराने घेतले जाई. १८८० मध्ये त्याने थोरला भाऊ जाक याच्यासह दाब-विद्युत परिणाम शोधला होता : काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांच्यावर विद्युतभार निर्माण होतो. तरीही पॅरिसच्या एका औद्योगिक विद्यालयात तो बेताच्या पगारावर शिकवत होता आणि डॉक्टरेटचा प्रबंधही त्याने सादर केलेला नव्हता. मानमरातबाची त्याला ओढ नव्हती. दोघांचे सूर जुळले.

१०/
पिएरने मागणी घातली. मारीने होकार दिला नाही. फ्रेंच माणसाशी लग्न करणे म्हणजे गुलामीतल्या मायदेशाला पाठ दाखवणे, असे तिला वाटे. १८९४ च्या उन्हाळ्यात ती वॉर्साला निघून गेली. पिएर पत्रे लिहीत राहिला. गरज पडल्यास आपणच पोलंडला येऊ, तेथे नुसते फ्रेंच शिकवून पोट भरावे लागले तरी चालेल, अशी तयारीही त्याने दाखवली. झोरावस्कींच्या घरात जिची पत पैशात मोजली गेली, तिच्यासाठी हा माणूस आपले शास्त्र पणाला लावायला निघाला होता!

११/
मारी शरद ऋतूत पॅरिसला परतली. मार्च १८९५ मध्ये पिएरने चुंबकत्वावरील प्रबंध सादर केला. उन्हाळ्यात लग्न ठरले आणि आखणी सुरू झाली, ती वजाबाकीने. दोघेही धर्मविधी मानत नव्हते, म्हणून चर्च नको. दोघांकडेही मालमत्ता नव्हती, म्हणून नोटरी नको. पांढरा पोशाख, सोन्याची अंगठी आणि थाटाची मेजवानी, ही तिन्ही वगळली गेली.

१२/
ब्रोन्याच्या सासूबाईंनी वधूला पोशाख भेट देऊ केला. मारीकडे रोज वापरायचा एकच पोशाख होता. तिने विनंती केली की द्यायचाच असेल तर साधा, गडद रंगाचा द्यावा, म्हणजे नंतर प्रयोगशाळेत वापरता येईल. असा तो निळा लोकरी पोशाख आला. त्याच्या आत फिकट निळ्या रेघांचा ब्लाउज. धाकटी कन्या एव्ह हिने १९३७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आईच्या चरित्रात हा प्रसंग आला आहे.

१३/
लग्नाच्या दिवशी पिएर तिला न्यायला आला आणि दोघे ऑम्निबसने लक्झेंबर्ग स्थानकाकडे निघाले. हे स्थानक त्याच वर्षी सुरू झाले होते. पॅरिसच्या दक्षिणेला ‘सो’ नावाचे लहानसे गाव आहे. तेथे जाणारी आगगाडी आता थेट विद्यार्थ्यांच्या वस्तीतून सुटू लागली होती. वाटेत सॉर्बोनची इमारत लागली, जिच्या वर्गांत मारी शिकली होती. वरातीला याहून समर्पक मार्ग कोणता असणार?

१४/
‘सो’च्या नगरभवनात विवाह झाला. वॉर्साहून मारीचे वडील आणि बहीण हेलेना आले होते. ब्रोन्या व तिचा पती पॅरिसमध्येच राहत. पिएरचे आईवडील आणि विद्यापीठातले मोजके स्नेही, एवढीच काय ती मंडळी. नंतर सारे क्युरी कुटुंबाच्या घरामागील बागेत जमले. इतका साधा समारंभ. आणि तरीही त्यात एक मोठी चैन होती. ती म्हणजे दोन नव्या कोऱ्या सायकली!

१५/
एका नातलगाने आहेर म्हणून रोख रक्कम दिली होती. तिच्यातून घरासाठी भांडीकुंडी घेण्याऐवजी दोघांनी दोन सायकली घेतल्या. आज आपल्याला ही सहज निवड वाटेल. १८९५ मध्ये मात्र सायकल हे अगदी ताजे आणि काहीसे धाडसी यंत्र होते. समान आकाराच्या दोन चाकांची, साखळीने चालणारी ‘रोव्हर’ सायकल इंग्लंडमध्ये १८८५ मध्ये आली. डनलपची हवा भरलेली धाव १८८८ मध्ये. मिशलँची काढता-घालता येणारी धाव १८९१ मध्ये.

१६/
त्याच १८९१ मध्ये एका फ्रेंच वृत्तपत्राने पॅरिस ते ब्रेस्त आणि परत अशी सुमारे १,२०० किलोमीटरची शर्यत भरवली. शार्ल तेराँ याने ती ७२ तासांच्या आत जिंकली आणि फ्रान्सला सायकलचे वेड लागले. स्त्रियांसाठी तर हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होता. १८०० च्या एका हुकुमानुसार पॅरिसमध्ये पुरुषी पोशाख घालायचा असेल, तर स्त्रीला पोलिसांची परवानगी काढावी लागे.

१७/
लांब घोळदार झग्यात सायकल चालवणे अवघड, म्हणून १८९२ मध्ये या नियमाला मुरड घालण्यात आली : स्त्रीच्या हाती सायकलचा दांडा असेल तर विजार चालेल! १९०९ मध्ये घोड्याच्या लगामालाही हीच सवलत मिळाली. गंमत म्हणजे मूळ हुकूम कालबाह्य झाल्याचे फ्रेंच शासनाने अधिकृतपणे जाहीर केले ते थेट २०१३ मध्ये. अशा काळात नवविवाहित स्त्रीने स्वतःच्या सायकलवर, नवऱ्याच्या बरोबरीने दूरच्या वाटा तुडवणे किती नवे होते, याची कल्पना करा.

१८/
मधुचंद्रासाठी दोघे सायकलींवर फ्रान्सच्या ग्रामीण भागात निघाले. सामान जुजबी. भूक लागली की पाव, चीज आणि फळे. रात्र झाली की वाटेवरची एखादी खाणावळ. बागेत सायकली घेऊन उभ्या असलेल्या या जोडप्याचे छायाचित्र आजही पाहायला मिळते. पुढच्या वर्षांतही त्यांच्या सुट्ट्या सायकलवरच गेल्या. १८९७ च्या उन्हाळ्यात तर मारीचे दिवस भरत आले असतानाही दोघे सायकलने ब्रेस्तच्या दिशेने निघाले होते. तो हट्ट अंगाशी आला; तिला त्रास होऊ लागला आणि घाईने परतावे लागले. सप्टेंबरमध्ये इरेनचा जन्म झाला.

१९/
पॅरिसमध्ये ग्लासिएर रस्त्यावर त्यांनी तीन खोल्यांचे बिऱ्हाड थाटले. पिएरच्या आईवडिलांनी देऊ केलेले फर्निचर नाकारले, कारण जितके सामान अधिक तितकी झाडपूस अधिक. पुस्तके, एक साधे लाकडी टेबल आणि दोन खुर्च्या. मात्र सगळेच समसमान होते असे समजू नये. स्वयंपाक शिकावा लागला तो मारीला, आणि महिन्याच्या खर्चाची वहीही तीच लिहीत असे. रूढी लग्नाच्या दिवशी दाराबाहेर ठेवता आली. स्वयंपाकघरातून ती इतक्या लवकर गेली नाही.

२०/
तो निळा पोशाख ठरल्याप्रमाणे प्रयोगशाळेत गेला आणि पुढे कित्येक वर्षे वापरात राहिला. पिएरच्या विद्यालयातील एका गळक्या शेडमध्ये मारी टनावारी खनिज उकळत, ढवळत असे. १८९८ च्या जुलैमध्ये दोघांनी पोलोनियमचा शोध जाहीर केला आणि डिसेंबरमध्ये रेडियमचा. पहिल्या मूलद्रव्याला नाव दिले ते पोलंडचे. लग्नाआधी ज्या मायदेशासाठी तिचा जीव अडला होता, त्याचे नाव नकाशावर नसताना मूलद्रव्यांच्या तक्त्यात आले.

२१/
या लग्नाची खरी कसोटी लागली १९०३ मध्ये. नोबेलसाठी फ्रेंच अकादमीच्या सदस्यांनी केलेल्या शिफारशीत बेकरेल आणि पिएर यांची नावे होती, मारीचे नव्हते. स्वीडिश गणितज्ञ मिताग-लेफलर यांनी पिएरला हे कळवले. हे संशोधन दोघांचे आहे आणि विचार व्हायचा तर दोघांचा एकत्र व्हावा, असे पिएरने उत्तर दिले. तिचे नाव समाविष्ट झाले आणि नोबेल मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. ज्या देशाचा कायदा पत्नीला आज्ञा पाळायला सांगत होता, तेथील एका पतीचे हे वर्तन होते.

२२/
१९ एप्रिल १९०६ रोजी पॅरिसच्या दोफीन रस्त्यावर घोड्यांच्या मालवाहू गाडीखाली सापडून पिएरचा मृत्यू झाला. जेमतेम अकरा वर्षांचा संसार. त्याच्या जागी सॉर्बोनमध्ये शिकवण्यासाठी मारीची नेमणूक झाली. ऑम्निबसच्या वरच्या मजल्यावरून नवरी म्हणून जी वास्तू पाहिली होती, तेथेच ती पहिली स्त्री अध्यापक म्हणून उभी राहिली.

२३/
आज लग्नात आपली आवड दिसावी म्हणून कोणी गिर्यारोहणाच्या दोराने मंडप सजवतो, तर कोणी प्रवासाच्या नकाशावर निमंत्रणपत्रिका छापतो. त्यात वावगे काही नाही. परंतु मारी आणि पिएर यांच्या सायकली एका दिवसाच्या सजावटीसाठी नव्हत्या. लग्न लागले, पाहुणे पांगले, आणि त्या सायकली व तो पोशाख दोन्ही वापरात राहिले. आपल्याला पुढे कसे जगायचे आहे, हे आधी ठरवून मग त्यांनी लग्न आखले होते.

थ्रेड समाप्त. आवडला असल्यास इतिहासप्रेमी मित्रमैत्रिणींपर्यंत जरूर पोहोचवा. आणि ज्यांच्या घरी सध्या लग्नाच्या याद्या चालू आहेत, त्यांच्यापर्यंत तर आवर्जून!