उमेदवारी ते पदवी : महाराष्ट्रातील चित्रपटशिक्षणाची वाटचाल

वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील कामरगावसारख्या गावात बारावी झालेल्या मुलाने किंवा मुलीने ‘मला इंजिनीअरिंगला जायचे आहे’ असे म्हटले, तर पुढची वाट घरच्यांना ठाऊक असते. परीक्षा कोणती, अर्ज कधी, खर्च किती, हे सांगणारा कोणीतरी शेजारीपाजारी सापडतो. त्याच घरात ‘मला सिनेमा शिकायचा आहे’ हे वाक्य उच्चारले गेले, की पहिला प्रश्न येतो, ‘ते शिकायचे असते का?’ हा प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. मराठी मुलखात चित्रपट तयार होऊ लागल्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षे हे शास्त्र कोणत्याही वर्गात शिकवले जात नव्हते. ते कारखान्यात, उमेदवारी करून शिकले जाई. उमेदवारीपासून पदवीपर्यंतच्या या प्रवासात काय मिळाले आणि काय हातचे गेले, हे पाहिले तर आज अर्ज भरणाऱ्याला त्याचा उपयोग होईल.

सुरुवात अर्थातच दादासाहेब फाळक्यांपासून करावी लागते. 1870 मध्ये त्र्यंबकेश्वरला जन्मलेले फाळके 1885 मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकले. चित्रकला, छायाचित्रण, छपाई, ठसे बनवणे अशा अनेक विद्या त्यांनी हाताखालून घातल्या होत्या. चित्रपटाची विद्या मात्र त्यांना पुस्तके वाचून, प्रयोग करून आणि 1912 मध्ये लंडनला जाऊन मिळवावी लागली. तिथे सेसिल हेपवर्थ या निर्मात्याच्या स्टुडिओत त्यांनी काम पाहिले, कॅमेरा खरेदी केला आणि ते परतले. 3 मे 1913 रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत लोकांसमोर आला. या कामात सरस्वतीबाई फाळके यांनी फिल्मला छिद्रे पाडण्यापासून ती रसायनात धुण्यापर्यंतची कामे शिकून घेतली. प्रमाणपत्र नसलेल्या या बाईंना आपल्याकडच्या पहिल्या चित्रपट तंत्रज्ञांत गणले पाहिजे. चित्रपटाचे पहिले मराठी विद्यालय घरातल्या स्वयंपाकघराला लागून भरले होते, असे म्हटले तर ते फारसे चूक होणार नाही.

दुसरे विद्यालय कोल्हापुरात भरले. नाटकांचे पडदे रंगवणारे बाबूराव मेस्त्री, म्हणजेच बाबूराव पेंटर, यांनी कॅमेरा स्वतः घडवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. ‘सैरंध्री’ 1920 मध्ये आला, ‘सावकारी पाश’ 1925 मध्ये. या कंपनीत विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल आणि व्ही. शांताराम यांनी काम शिकले. अभ्यासक्रम नव्हता. पडदा रंगवणारा माणूस गरजेप्रमाणे देखावा उभारी, प्रयोगशाळेत फिल्म धुई आणि वेळ पडली तर तोंडाला रंग लावून कॅमेऱ्यापुढे उभा राही. शांताराम तिथे येण्यापूर्वी हुबळीच्या रेल्वे कारखान्यात काम करून आले होते. हे शिक्षण चालू असताना चार पैसे मिळत, जेवणाची सोय होई, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चूक उस्तादाच्या डोळ्यांसमोर होई.

1 जून 1929 रोजी याच मंडळींनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापली आणि 1933 मध्ये ती पुण्याला हलवली. ‘संत तुकाराम’ (1936) व्हेनिसच्या महोत्सवात पोहोचला. प्रभातने चित्रपट केले तशी माणसेही घडवली. अनंत माने तिथे संकलन शिकले आणि पुढे तमाशापटांचे दिग्दर्शक झाले. 1944 च्या सुमारास गुरुदत्त तिथे नोकरीला लागले. प्रभातमध्ये ‘शेजारी’ (1941) गाजवणारे आणि ‘रामशास्त्री’ (1944) साकारणारे गजानन जागीरदार मूळचे अमरावतीत जन्मलेले, म्हणजे आपल्या वऱ्हाडचेच. त्यांचे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

उमेदवारीच्या या पद्धतीचे गोडवे गाताना तिची दुसरी बाजू झाकू नये. कारखान्याच्या दाराशी कोणी पदवी मागत नव्हते हे खरे, पण दारापर्यंत पोहोचायला कोल्हापूर, नाशिक, पुणे किंवा मुंबईत असावे लागे आणि आत कोणीतरी ओळखीचे असावे लागे. घराणे, गाव, नाते आणि शिफारस यांवर पुष्कळ काही ठरे. वऱ्हाडातल्या शेतमजुराच्या मुलाने कोणाला पत्र लिहायचे? अर्ज नावाचा कागदच त्या व्यवस्थेत नव्हता. शिवाय कारखाना बुडाला की विद्याही विखुरली जाई. 1953 मध्ये प्रभात बंद पडली तेव्हा नेमके हेच घडले.

जगात इतरत्र तोपर्यंत वेगळा विचार रुजला होता. मॉस्कोत 1919 मध्येच चित्रपटाची सरकारी शाळा निघाली. रोममध्ये 1935 मध्ये तशी संस्था आली, प्रागमध्ये 1946 मध्ये आणि पोलंडमधल्या वुच शहरात 1948 मध्ये. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात 1929 पासून चित्रपट हा विषय शिकवला जाऊ लागला. आपल्याकडे बंगळूरमध्ये 1943 मध्ये निघालेल्या तंत्रशिक्षण संस्थेत छायाचित्रणाचे शिक्षण मिळे. गुरुदत्तच्या चित्रपटांचे छायालेखक व्ही. के. मूर्ती तिथलेच. पण दिग्दर्शन, संकलन, ध्वनी आणि छायाचित्रण एकाच छताखाली शिकवणारी संस्था देशात नव्हती. 1949 मध्ये सरकारने स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपट चौकशी समिती नेमली. शांताराम त्या समितीचे सदस्य होते. 1951 च्या अहवालात समितीने अशी संस्था काढण्याची शिफारस केली. ती अमलात यायला नऊ वर्षे लागली.

1960 मध्ये पुण्यात, प्रभातच्याच जागेवर, फिल्म इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया सुरू झाली. तिचे पहिले प्रमुख गजानन जागीरदार. कारखान्यात तयार झालेला माणूस शाळेचा पहिला मुख्य झाला, आणि प्रभातच्या स्टुडिओत विद्यार्थी दिवे लावू लागले. 1964 मध्ये पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आले आणि पी. के. नायर यांनी ते वाढवले. ऋत्विक घटक यांनी काही काळ संस्थेत शिकवले. प्रा. सतीश बहादूर यांनी चित्रपट पाहावा कसा, याचे शिक्षण देशभर नेले. 1974 मध्ये दूरचित्रवाणीचे प्रशिक्षण जोडले जाऊन संस्थेला आजचे नाव मिळाले : फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया.

या संस्थेने एक मोठी गोष्ट केली. तिने अर्ज नावाचा कागद आणला. लेखी परीक्षा द्यायची, त्यातून निवड झाली की मुलाखतीला जायचे. कोणाचा मुलगा, कोणत्या गावचा, हे विचारायचे कारण उरले नाही. केंद्रीय संस्था म्हणून आरक्षणही लागू झाले. 2018 मध्ये पुणे आणि कोलकात्याच्या दोन्ही सरकारी संस्थांसाठी पहिल्यांदा एकत्र प्रवेश परीक्षा झाली. या दारातून आलेल्या मराठी मुलांचे काम आपण पाहिले आहे. सुनील सुकथनकर इथले, ‘किल्ला’चे अविनाश अरुण इथले. उमेश कुलकर्णी यांच्या विद्यार्थिदशेतल्या ‘गिरणी’ या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे ‘वळू’ आणि ‘देऊळ’मध्ये त्यांनी दाखवलेले गाव शहरी माणसाच्या कल्पनेतले नव्हते.

पण त्याच कागदावर एक अट आहे, आणि इतिहास वाचणाऱ्याने तिच्यापाशी थांबले पाहिजे. पुण्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना पदवी लागते. म्हणजे शांताराम, दामले किंवा फत्तेलाल आज आले, तर त्यांनी स्वतः उभारलेल्या स्टुडिओत शिकायला त्यांना अर्जही करता येणार नाही. अट अन्यायाची आहे असे म्हणायचे नाही. वयाने आणि वाचनाने थोडी पक्व झालेली मुले यावीत हा तिचा हेतू समजण्यासारखा आहे. पण उमेदवारीत शिकता शिकता पोट भरत असे. इथे आधी पदवीची तीन वर्षे आणि मग संस्थेची तीन, असा हिशेब कुटुंबाला करावा लागतो. काही तुकड्यांचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम पाच-सहा वर्षे रेंगाळला, हेही घडले आहे. पगारदाराच्या घराला ते जड जाते. कपाशी-सोयाबीनच्या भावावर चालणाऱ्या घराला त्याहून जड. शिवाय शिक्षणाची भाषा मुख्यतः इंग्रजी, आणि प्रत्येक शाखेत जागा मोजक्या. 2025 मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, त्यामुळे पदविकेऐवजी पदवी देण्याची वाट मोकळी झाली. नोकरी आणि अध्यापनासाठी ते सोयीचे आहे. दाराबाहेरच्यांचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही.

तो अंशतः दुसरीकडे सुटलेला दिसतो. अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स महाविद्यालयात संज्ञापन अभ्यासाचा पदव्युत्तर वर्ग चालतो. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे तिथे शिकले, आणि त्याच शिक्षणाचा भाग म्हणून त्यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ त्यानंतरचे. हे मोठ्या शहरातल्या नामांकित संस्थेत घडले नाही, जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात घडले. तिथे मुलाला एस.टी.ने ये-जा करता आली, मराठीत विचार करता आला आणि आपल्या वस्तीतली माणसे कॅमेऱ्यासमोर उभी करता आली. कारखान्याचा जवळपणा आणि शाळेचा मोकळेपणा असे दोन्ही गुण इथे एकत्र आले.

वऱ्हाडासाठी यातून एक रोकडी मागणी निघते. कामरगावहून पुणे पाचशे किलोमीटरांहून दूर आहे. अमरावती मात्र हाकेच्या अंतरावर, आणि वाशीम जिल्हा संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्याच कक्षेत येतो. या विद्यापीठाच्या परिसरात नगरसारखा वर्ग जोमाने चालावा, त्यासाठी एक कॅमेरा, एक संकलनाचा संगणक आणि शिकवणारा जाणता माणूस लागतो. राजवाडा लागत नाही. पुण्याच्या संस्थेचे पहिले प्रमुख ज्या शहरात जन्मले, त्या शहराने ही मागणी करणे शोभून दिसेल.

तोवर अर्ज भरणाऱ्याने काय करावे, हेही या इतिहासातच आहे. पदवी कोणत्याही शाखेची असली तरी बहुतेक शाखांना चालते. कारंज्याच्या महाविद्यालयातली बी.ए. कमी प्रतीची ठरत नाही. ध्वनीकडे जायचे असेल तर बारावीला भौतिकशास्त्र हवे, कलादिग्दर्शनाकडे जायचे असेल तर चित्रकला, वास्तुकला यांसारख्या विषयातले शिक्षण. ही गोष्ट दहावीनंतरच कळलेली बरी. पदवी झाल्यावर कळून उपयोग नसतो. चित्रपट पाहताना कथा सांगून थांबू नये. कॅमेरा कुठे ठेवला आहे, आवाज कुठून येतो आहे, हे वहीत लिहावे. मुलाखतीत गावाची लाज बाळगू नये. बाजाराचा दिवस, जिनिंगमधली रात्र, पाण्याची पाळी, यांतले बारकावे ज्याने निरखले आहेत त्याच्याकडे सांगण्यासारखे काही असते. पडदे रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांची सुरुवातही अशाच निरखण्याने झाली होती. राहिलेले शिकता येते, आणि आता ते शिकण्यासाठी रीतसर अर्ज करता येतो.