कवळीपासून इम्प्लांटपर्यंत : मोरगावातल्या एका दवाखान्याची वाटचाल

मयूरेश्वराच्या देवळाच्या रस्त्याला दवाखाना थाटला तेव्हा आमचं काम दोन गोष्टींतच संपायचं: दात काढायचे आणि कवळी बसवायची. खालची कवळी हलते, भाकरी चावत नाही, म्हणत कऱ्हाकाठची माणसं परत यायची. आमच्याकडं उत्तर नसायचं.

उत्तर स्वीडनमध्ये सापडलं होतं. टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं हे ब्रोनेमार्क यांनी सशांवरच्या प्रयोगात पाहिलं आणि १९६५ मध्ये माणसाच्या जबड्यात दाताच्या मुळाच्या जागी टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. पुढं आम्हीही ते शिकलो. अडायचं ते हाडापाशी. दात पडून वर्षं लोटलेली, साखर वाढलेली, मिश्रीची सवय सुटत नाही. अशा जबड्यात हाड हळू भरतं.

हाड लवकर भरावं म्हणून १९९८ मध्ये अमेरिकेत मार्क्स यांनी बिंबाणूंनी (प्लेटलेट्सनी) समृद्ध रक्तद्रव हाडाच्या कलमासाठी वापरला. २००१ मध्ये फ्रान्समध्ये शुक्रून यांनी ती कृती सोपी केली: रक्तात काहीच मिसळायचं नाही, नुसतं मशीनमध्ये गरगर फिरवायचं. हे आमच्यासारख्या लहान गावाला परवडणारं होतं.

पहिल्यांदा केलं ते एका आजींवर. "माजंच रगात मलाच लावताय व्हय?" त्यांनी विचारलं. दंडातून काढलेलं रक्त लगेच मशीनमध्ये घालावं लागतं, दोन मिनिटं रेंगाळलं तर साकळतं. मशीन फिरत असतानाच वीज गेली. नळ्या टाकून द्याव्या लागल्या, आजींना दुसऱ्यांदा टोचलं. त्यानंतर पहिली खरेदी झाली इन्व्हर्टरची.

नीट फिरलं की नळीत तळाला लाल पेशी, वर पिवळसर पाणी आणि मधोमध खरवसासारखा थुलथुलीत गोळा. तो दाबून पातळ पापुद्रा करायचा आणि इम्प्लांटभोवती घालायचा. त्यात अडकलेल्या बिंबाणूंमधून वाढीचे घटक काही दिवस झिरपत राहतात. नव्या रक्तवाहिन्या फुटायला, हिरडी भरायला त्यांची मदत होते.

मदतच, चमत्कार नव्हे. सुरुवातीच्या आठवड्यांत इम्प्लांट जास्त स्थिर राहतो असं काही अभ्यासांत दिसलं. वर्षानुवर्षांच्या टिकाऊपणात तसा ठोस फरक सिद्ध झालेला नाही. जिथं हाडच नाही तिथं नुसत्या पापुद्र्यानं भागत नाही. हे आम्ही पैसे घेण्याआधी सांगतो, आणि मिश्री सोडल्याशिवाय तारीख देत नाही.

आजींनी सोडली. तीन महिन्यांनी इम्प्लांटवर हलकेच ठोकलं, आवाज टणक आला. "आता बाजरीची भाकरी खाऊ का?" एवढंच त्यांनी विचारलं.